तळ्याकाठी पाण्याचा हिशेब

ज्याला तळ्याला अगदी लागून जागा मिळाली तो जिंकला, अशी आमच्या टोरंटोकडच्या मंडळींची ठाम समजूत आहे. जुलैतले चार दिवस, लेक ऑफ टू रिव्हर्स, ट्रेलरच्या खिडकीतून थेट पाणी, फोटो काढले, पाठवले, झालं. मला विचाराल तर ट्रेलर ओढत नेणाऱ्याने तळं सगळ्यात शेवटी बघावं. आधी बघावं रस्त्याचं वळण, मग विजेचा खांब, मग झाडं, मग जमिनीचा उतार. तळं कुठे पळून जात नाही, पाच मिनिटं चाललं की येतं.

हे तळं अल्गॉन्क्विनमधलं. अल्गॉन्क्विन हे ओंटारियोतलं 1893 सालचं उद्यान. सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटरांचं जंगल, आणि त्याच्या बहुतेक भागात शिरायचं तर कनू वल्हवत किंवा पाठीवर सामान घेऊन. आम्हा ट्रेलरवाल्यांच्या वाट्याला येतो दक्षिणेकडचा हायवे 60, उद्यानातून जाणारा 56 किलोमीटरांचा. तिथली अंतरं पश्चिमेच्या प्रवेशद्वारापासून मोजतात, त्यामुळे कोणी नुसतं ‘तिसाव्या किलोमीटरपाशी’ म्हटलं की जाणकारांना कळतं, म्यू लेकचं बोलणं चाललंय. वीज असलेल्या जागा म्यू लेक, टू रिव्हर्स, पॉग लेक अशा मोजक्याच ठिकाणी. नोंदणी पाच महिने आधी, सकाळी सातला उघडते. म्हणजे 20 जुलैला मुक्काम हवा तर 20 फेब्रुवारीला, अंगणात बर्फ साचलेलं असताना, लॅपटॉपपुढे बसायचं. चांगल्या जागा बघता बघता जातात. त्या वेळी विचार करायला उसंत नसते, म्हणून तो आदल्या आठवड्यात करून ठेवायचा आणि पसंतीचे क्रमांक कागदावर उतरवायचे. मे-जूनमध्ये ब्लॅक फ्लाय नावाच्या माश्या रक्त काढतात, हे ठाऊक असलेला माणूस जूनचा मोह सहसा धरत नाही.

क्रमांक निवडणं ही मात्र खरी कारागिरी. कॅम्पग्राउंडमधले रस्ते बहुधा गोल फिरून येणारे असतात आणि जागेत ट्रेलर उलटा घालायचा असतो. इथे चालक डावीकडे बसतो. डावीकडे मागे घेताना खिडकीतून मान काढली की ट्रेलरचं मागचं चाक दिसतं. उजवीकडे घेताना सगळा कारभार आरशाच्या आणि नवऱ्याच्या हातवाऱ्यांच्या भरवशावर. आरशावर माझा विश्वास आहे. म्हणून मी डाव्या हाताच्या जागा आधी धरते. विजेची केबल बहुतेक ट्रेलरांत डाव्या अंगाने निघते आणि दार उजव्या अंगाला उघडतं. खांब पलीकडच्या कोपऱ्यात असेल तर आठ-नऊ मीटरांची केबल पुरत नाही, आणि दार नेमकं शेजाऱ्याच्या शेकोटीसमोर उघडणार असेल तर चार दिवस त्यांच्याशी गप्पा मारण्याची तयारी हवी. सावली सगळ्यांनाच हवी असते, पण पाइनच्या झुकलेल्या फांद्या छतावरच्या एसीला घासतात. जागांचे फोटो मोठे करून मी फांद्याच बघत बसते.

उताराचं महत्त्व झोपेसाठी आहे असं नव्यांना वाटतं. ते आहे फ्रिजसाठी. प्रोपेनवरही चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. उष्णतेने अमोनिया फिरतो आणि गुरुत्वाकर्षणाने परत येतो. ट्रेलर फार कलता राहिला तर तो परतीचा प्रवाह अडतो, थंडावा जातो, आणि बराच काळ तसंच चाललं तर फ्रिजच कायमचा बाद होऊ शकतो. म्हणून पोचल्यावर चहाच्या आधी पाणसळ. डावं-उजवं आधी, चाकाखाली ठोकळे घालून. मग चाकांना पाचरी. मग गाडीपासून सोडवणं. पुढचं-मागचं त्यानंतर जॅकने. हा क्रम बदलायचा नाही. पाचरी लावायच्या आधी ट्रेलर सोडवला तर तो स्वतःच तळं बघायला निघतो.

पॉग लेककडे माझा ओढा आहे, त्याला इतिहासाचाही थोडा हात आहे. लाकडाचे मोठे व्यापारी जे. आर. बूथ यांनी इथून रेल्वे नेली. 1896 मध्ये ती पुरी झाली. रूळ केव्हाच उखडले, पण आगगाडीला चढ सोसत नाही म्हणून आखलेली ती सपाट वाट उरली आहे. आता तिच्यावर सायकली धावतात. गुडघे दुखणाऱ्या पाहुण्यांना जंगल दाखवायचं तर याहून चांगली सोय नाही.

विजेचं गणित सोपं, एकदाच करायचं. 30 अँपियर गुणिले 120 व्होल्ट, 3600 वॅट. एसी, किटली आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की खटका पडतो. चहा होईपर्यंत एसी बंद ठेवावा, एवढंच.

पाण्याचं गणित मात्र रोजचं. इथे वीज जागेवर मिळते, पण जागेवर नळ नाही आणि सांडपाण्याची जोडणीही नाही. वाटेतल्या भरण-नळावर टाकी भरायची आणि वापरलेला प्रत्येक थेंब पोटाखालच्या दोन टाक्यांत साठवायचा: आंघोळीचा-भांड्यांचा ग्रे टँकमध्ये, संडासाचा ब्लॅक टँकमध्ये. आमच्याकडे चांगल्या पाण्याला दीडशे लिटर, ग्रे साधारण एकशे पंधरा. सगळे विचारतात, दीडशे लिटर पुरेल का? प्रश्न उलटा आहे. पाणी संपलं तर घागरभर आणून ओतता येतं. ग्रे टँक भरला तर पाणी मोरीच्या जाळीतून वर येतं, आणि तिथे तुम्ही अनवाणी उभे असता. ट्रेलरमधला शॉवर मिनिटाला सहा लिटर टाकतो असं धरा. पाच मिनिटांच्या चार आंघोळी झाल्या की ग्रे टँकचा विषय संपला. त्यामुळे आंघोळी कॅम्पग्राउंडच्या स्नानगृहात, आणि ग्रे टँक फक्त स्वयंपाकाच्या नावावर.

सासूबाई सोलापूरच्या. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात संसार केलेला. पहिल्यांदा आमच्याबरोबर आल्या तेव्हा मला वाटीने पाणी घेताना बघून म्हणाल्या, “अगं, एवढं तळं समोर आहे आणि तू मोजतेस?”

“आई, आणायची अडचण नाही. वापरलेलं ठेवायचं कुठे, हा प्रश्न आहे.”

“मग झाडाला घाल की.”

तेही चालत नाही. खरकटं पाणी जमिनीवर ओतलं की त्याच्या वासावर अस्वलं येतात, आणि माणसांच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाचं पुढे बरं होत नाही. तळ्यात साबण तर नाहीच. सोलापूरची टंचाई येणाऱ्या पाण्याची, आमची जाणाऱ्या पाण्याची. त्यांना हे पटायला फार वेळ लागला नाही, कारण उपाय दोन्हीकडे एकच. भाजी धुतलेलं पाणी बाजूला ठेवून ताटांना पहिला हात त्याच पाण्याने. कुकर हेच वाढायचं भांडं. राखेऐवजी कागदाने पुसून मग दोन वाट्या पाण्यात विसळणं. मी पुस्तकांतून, व्हिडिओंतून गोळा केलेली सगळी विद्या त्यांच्या हातात आधीपासून होती.

तेव्हापासून मी जेवणाचा बेत पाण्यावरून आखते. पिठलं बाद, त्याची कढई भिजत घालावी लागते. थालीपीठ उत्तम, तवा पुसला की झाला. मेतकूट-भात, दशम्या, ठेचा, कोरडी चटणी. फोडणी आत दिली तर धुराचा अलार्म कोकलतो आणि शेजारी बाहेर येतात, म्हणून ती बाहेरच्या शेगडीवर. पण अस्वलांमुळे तिथे उडालेला तेलाचा थेंबसुद्धा पुसायचा आणि तेलाची बाटली, कांदे, अगदी टूथपेस्टदेखील रात्री गाडीत. टेबल मोकळं दिसलं पाहिजे. सरपण घरून न्यायचं नाही, उद्यानातच घ्यायचं. लाकडातून अ‍ॅश झाडं पोखरणारे किडे गावोगाव पसरलेत.

पाण्याला वजनही असतं, हे घरातल्या नळाखाली विसरायला होतं. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो, आणि उद्यानाच्या वाटेवरच्या हंट्सव्हिलच्या पुढचे चढउतार ते वजन ओढूनच पार करायचे. मी घरून प्यायला आणि हात धुण्यापुरतं नेते, बाकी उद्यानात भरते. पण मग सामानाची मांडणी त्यानुसार हवी. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या पुढच्या टोकावर यावा लागतो. मागे जड झालं की हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि शेजारून मोठा ट्रक गेला की पोटात गोळा येतो. तांदळाची पिशवी, कुकर, खलबत्ता चाकांच्या आसावर किंवा किंचित पुढे. मागच्या कपाटात उशा आणि पोहे.

याच उद्यानातल्या कनू लेकवर टॉम थॉमसन हा चित्रकार रंगपेटी आणि तंबू घेऊन फिरायचा. 1917 मध्ये त्याच तळ्यात त्याचा अंत झाला. त्याची चित्रं बघताना मला नेहमी त्याच्या सामानाचा हेवा वाटतो. आम्ही जंगलात मोरीसकट घर नेतो, त्याची किंमत निघताना मोजायची असते.

ती मोजायची जागा म्हणजे डम्प स्टेशन. क्रम ठरलेला: आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. ब्लॅक टँक पुरेसा भरलेला असला तरच नीट वाहतो, म्हणून शेवटच्या दिवशी त्यात मुद्दाम बादलीभर पाणी सोडायचं. हातमोजे वेगळे, आणि ते अन्नाच्या डब्याजवळ कधीही ठेवायचे नाहीत. यात शिकण्यासारखं एवढंच, पण रविवारी दुपारी जागा सोडायची वेळ दोनची, आणि बाराच्या सुमारास सगळं कॅम्पग्राउंड तिथे रांगेत. पुढच्या माणसाचं झाकण अडकलेलं, मागच्याचं कुत्रं भुंकतंय, गाडीत सगळे उपाशी. फेब्रुवारीतच सोमवार सकाळचं निघणं धरलं तर ही रांग लागत नाही. ऑफिसमुळे ते जमत नसेल त्यांनी रविवारी सकाळी आठलाच आटपावं आणि नाश्ता डम्प स्टेशननंतर करावा. आधी केलेला नाश्ता तिथे फारसा कोणाला मानवत नाही.