भिंतीची ओल

घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु लग्नानंतरच्या संसाराविषयीं ती जशी मौन धरते, तशीच बांधून झालेल्या घराच्या डागडुजीविषयींहि धरते. घर एकदां उभें राहिलें कीं तें कायमचें उभें राहिलें, अशी आम्हां सुशिक्षितांची एक भाबडी समजूत असते. ती पालटावयास आमच्या घरच्या एका भिंतीला आठ वर्षें लागलीं.

आमचें वडिलोपार्जित घर वाईस आहे. जोतें काळ्या दगडाचें, त्यावर दीड हात जाडीच्या विटांच्या भिंती आणि त्यांस चुन्याचा गिलावा. माथ्यावर पूर्वीं नळीचीं कौलें होतीं. तीं दरवर्षीं शाकारावीं लागत. बाझेल मिशननें १८६५ सालीं मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि तेथून पुढें चापट कौलांचा जो प्रसार झाला, त्यांत आजोबांच्या हयातींत आमच्याहि घराचें छप्पर पालटलें. त्यानें घराचें भलेंच झालें. तेव्हां नवें तें सारें वाईट असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे, हें आधींच सांगितलेलें बरें.

वडील होते तोंवर वैशाख महिना घराचा असे. ते स्वतः शिडी लावून फुटकीं कौलें बदलीत, पन्हळींतला पाला काढीत, परसदारीं भिंतीपासून दूर जाणारा चर नव्यानें खणीत आणि शेवटीं भिंतींस चुन्याचा हात देत. आम्हां दोघां भावांकडे चुन्याची बादली धरण्याचें काम असे, व सुटीचे दोन दिवस फुकट गेले असें आम्हांस मनांतून वाटे. २०११ सालीं वडील गेले. आम्ही नोकरीनिमित्त मुंबईस, बंधु पुण्यास आणि घरीं एकटी आई. वैशाख येत व जात. शिडी मात्र पडवींत आडवी पडली ती पडलीच.

२०१४ च्या पावसाळ्यानंतर आईच्या खोलीच्या भिंतीस हातभर उंचीपर्यंत ओल दिसूं लागली. आईस दम्याचा जुना त्रास. तेव्हां विलंब न करतां आम्हीं एक ठेकेदार बोलाविला. त्यानें भिंतीवर टिचकी मारली आणि हंसून म्हटलें, "साहेब, आजकाल चुना कोण ठेवतो?" जुना गिलावा खरवडून सिमेंटचा करावयाचा, त्यावर पाणी अडविणाऱ्या रंगाचे दोन हात द्यावयाचे, कीं "दहा वर्षं बघायला नको!" त्याच्या या शेवटच्या वाक्यानें आम्ही जिंकले गेलों. खरें सांगावयाचें तर, भिंत कोरडी व्हावी याहूनहि तिच्याकडे पहावें लागूं नये, हीच आमची इच्छा अधिक प्रबळ होती. चिखलाचा उपद्रव नको म्हणून त्याच सपाट्यांत परसदारहि सिमेंटनें बांधून घेतलें.

दोन वर्षें भिंत तुळतुळीत राहिली. तिसऱ्या वर्षीं रंगाला फुगे आले, आणि ओल छातीइतकी चढली. फुगा फोडला कीं आंतून मिठासारखी पांढरी भुकटी गळे. आणखी एक मनुष्य आला, त्यानें आणखी एक रसायन लावलें, व आणखी एक हमी दिली. ओल तसूभरहि खालीं उतरली नाहीं.

मग ती ओल भिंतींतून आम्हां भावांच्या बोलण्यांत शिरली. घर विकून टाकावें व आईनें पुण्यास यावें, हें बंधूंचें म्हणणें. त्यांत गैर कांहीं नव्हतें. पण खर्च कोणीं केला, खेपा कोणीं घातल्या, असले हिशेब निघाले, आणि कांहीं महिने आमचें बोलणें बंद पडलें. आईनें एवढेंच विचारलें, "भिंतीला ओल आली म्हणून घर टाकतं का रे कोणी?" याचें उत्तर आम्हां दोघांपैकीं एकाकडेहि नव्हतें.

२०२२ सालीं आईनेंच वडिलांच्या वेळच्या एका गवंड्यास निरोप धाडला. म्हातारा सत्तरी ओलांडलेला. तो खोलींत आलाच नाहीं. काठी टेकीत घराच्या मागल्या बाजूस गेला व तेथूनच त्यानें आम्हांस हांक मारली. "भाऊ, भितीला काय बी झालं न्हाई. पानी कुठनं येतंय त्ये आदी बगा." पन्हळ एके ठिकाणीं फुटली होती. तिचें पाणी सिमेंटच्या अंगणावर पडे, आणि अंगणाचा उतार नेमका भिंतीकडे होता. पूर्वीं मातींत जिरणारें व चरांतून वाहून जाणारें पाणी आतां आईच्या उशाशीं येऊन थांबत होतें. "आन् वरनं तुमी तिच्या तोंडात बोळा कोंबलाय," म्हातारा म्हणाला.

त्याचें हें बोलणें शास्त्राला धरून होतें. वात जशी तेल ओढते तशी वीट पायथ्याचें पाणी वर ओढते. चुन्याच्या गिलाव्यास सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून तें पाणी वाफ होऊन निघून जातें, म्हणून ओल फार वर चढत नाहीं. सिमेंटचा गिलावा अधिक घट्ट, आणि त्यावर रंगाचा पडदा. बाहेर पडण्याची वाट बुजली कीं पाणी ती वाट शोधीत वर वर चढतें. आणि तें सुकतें तेथें त्यांतील क्षार मागें राहून त्यांचे स्फटिक विटेची कड फोडतात. यालाच आपण लोणा म्हणतों. चुन्याची जात निराळी. भट्टींत भाजतांना चुनखडींतून जो कर्बाम्ल वायु निघून जातो, तोच भिंतीवर बसल्यावर चुना हवेंतून हळूहळू परत घेतो आणि पुन्हां दगड होतो. यांत सिमेंटचा दोष नाहीं. लीड्स येथील जोसेफ अ‍ॅस्प्डिन या गवंड्यानें १८२४ सालीं पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें, त्यानंतर या पदार्थानें जगभर पूल आणि धरणें उभीं केलीं आहेत. दोष आमचा, कीं जुन्या भिंतीचा स्वभाव न विचारतां आम्हीं तिच्या गळ्यांत हा सोयरा बांधला.

आम्हीं पन्हळ बदलली. भिंतीलगतचें दोन हात सिमेंट फोडून तेथें खडी भरली. भिंतीवरचा गिलावा खरवडून ती एक सबंध उन्हाळा उघडी ठेवली. आईचा पलंग तेवढे दिवस माजघरांत. नंतर खड्ड्यांत मुरविलेल्या चुन्याचा गिलावा झाला. त्या दिवशीं बंधु न सांगतां पुण्याहून आले. म्हातारा थापी चालवीत होता, आणि आम्ही दोघे पन्नाशीचे गृहस्थ पुन्हां बादल्या धरून उभे होतों. घराच्या विक्रीचा विषय निघाला नाहीं; निघाला तो पन्हळीच्या उताराचा, आणि त्यावर आमचा बराच वेळ वाद झाला.

पैसे देतांना आम्हीं संवयीनें विचारलें, "मिस्त्री, किती वर्षं बघायला नको?" म्हातारा आमच्याकडे पाहतच राहिला. "बघायला नको कसं? बघायचंच की. म्होरल्या वैशाखात पन्हळ साफ करा."

बाजारांत घरासाठीं जें जें विकावयास येतें, त्यांतलें पुष्कळसें चांगलेंच असतें. परंतु त्याजबरोबर न पाहण्याची जी मुभा विकली जाते, ती आम्हांस फार महाग पडली. जिच्यामुळें भिंतीस ओल आली, तीच आमची गैरहजेरी आईच्याहि वांट्यास आली होती, हें आम्हीं फार उशिरां ओळखलें.

आई रोज सकाळीं हाताची मागली बाजू भिंतीस लावून पाही व म्हणे, "अजून गार आहे." जाड भिंत एका उन्हाळ्यांत सुकत नाहीं. दुसऱ्या उन्हाळ्यांत एके दिवशीं तिनें हात लावला, पण कांहीं बोलली नाहीं. पलंग मात्र पूर्वींच्या जागीं लावावयास सांगितला.

येत्या वैशाखासाठीं दोन दिवसांची रजा आम्हीं आतांच मागून ठेवली आहे. शिडीची एक पायरी मोडली आहे. ती बंधु पुण्याहून करवून आणणार आहेत.