तांबूस ५ रुपये

परवा शनिवारी इस्त्रीवाले काका कपडे द्यायला आले आणि दारातच खिशातून हळूच एक पुडी काढली. आत ५ रुपयांचं नाणं, पण चक्क तांबूस!

"साहेब, टाकसाळीत चुकलेलं आहे. फोनवर एकजण २ लाख देतोय. फक्त १,५०० फी आधी भरायचीये."

पोटात गोळाच आला माझ्या. म्हटलं, काका, आधी बसा, चहा घ्या.

तर हे पिवळं नाणं म्हणजे निकेल-ब्रास. ७५ टक्के तांबं, २० जस्त, ५ निकेल. आंबट लागलं की वरच्या थरातलं जस्त आधी निघून जातं, तांबं उरतं. टाकसाळीची चूक बहुतेक वेळा रंगात नाही, घडणीत दिसते: छाप एका बाजूला सरकलेला, कड चावल्यासारखी तुटकी. (चुकीच्या धातूवर छाप पडतोही कधी, पण मग वजन सहसा जुळत नाही.) बायकोच्या केकच्या काट्यावर ठेवलं. ६ ग्रॅम, माझ्या खिशातल्या पिवळ्याइतकंच! कडेला एक चरा होता, त्यात पिवळं चमकत होतं.

"कुठे होतं हे?"

"देव्हाऱ्यात. बायको लिंबाच्या पाण्यात रात्रभर ठेवते ना..."

मग अशी फी मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये दिलेला इशारा वाचून दाखवला. काका गप्प.

"पैसे पाठवले नाहीत ना?"

"५०० पाठवलेत. काल."

लगेच १९३० ला फोन लावला. चहा तसाच गार झाला.