खारं पाणी, जस्त आणि उद्याची बॅटरी



आठवीच्या विज्ञानात कोरडा विद्युत घट शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. "सर, मोबाइल चार्ज होते, मंग हा घड्याळीतला सेल काहून नाही होत?" प्रश्न पोरकट नाही. जस्ताची, पाण्यावर चालणारी आणि हजारो वेळा चार्ज होणारी बॅटरी बनवायला आज अनेक प्रयोगशाळा झटत आहेत. आपल्या वऱ्हाडाला तिची गरज आहे, म्हणून हा लेख.

फ्रेंच अभियंता लक्लांशे याने १८६६ मध्ये जो घट बनवला, त्याचाच वंशज म्हणजे आपला सेल. बाहेरचं भांडं जस्ताचं, मधे ग्रॅफाइटची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडचा काळा लगदा. मुलांना हेही सांगा की सेलला लागणारं मँगनीज डायऑक्साइडचं खनिज आपल्याच विदर्भात, भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीत निघतं. जस्त राजस्थानातून येतं. लिथियमसाठी मात्र आपल्याला परदेशाकडे पाहावं लागतं.

तिसरा घटक म्हणजे क्षार विरघळलेलं पाणी, पुस्तकी भाषेत विद्युत अपघटनी. हा भाग शिकवायला आपल्याइतकी सोयीची जागा नाही. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या विहिरीचं पाणी, आरओचं पाणी आणि ऊर्ध्वपातित पाणी तीन ग्लासांत घ्या. प्रत्येकात जस्ताची आणि तांब्याची पट्टी बुडवून मल्टिमीटर लावा. व्होल्टेज तिन्हीकडे फारसं वेगळं दिसणार नाही, पण विद्युतधारेत मोठा फरक पडेल. दाब मुख्यतः धातूंच्या जोडीवर ठरतो आणि धारेची वाट पाणी मोकळी करतं, हे मुलं स्वतःच सांगतील.

मग अडतं कुठं? खारपाणपट्ट्यात जस्ती बादलीवर पांढरी पापडी धरते, ती आपण पाहिलीच आहे. बॅटरीतही जवळपास तेच घडतं. पाण्यात जस्ताचा प्रत्येक आयन पाण्याच्या सहा रेणूंच्या घोळक्यात फिरतो. चार्ज करताना आयन पट्टीवर येतो, तेव्हा हे पाणीही फुटतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. त्यामुळे सेल फुगतो आणि जस्तावर पांढरा थर बसतो. शिवाय जस्त सारखं न बसता सुयांसारखं वाढतं. एखादी सुई मधला पडदा भेदून पलीकडे पोचली की शॉर्ट सर्किट!

म्हणून संशोधक आता पाण्याच्याच मागे लागले आहेत. एक उपाय म्हणजे इतका क्षार घालायचा की मोकळं पाणीच उरू नये. अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये असं द्रावण वापरलं. हिशेब केला तर १ किलो पाण्यात ६ किलोंहून जास्त क्षार भरतो! जस्त छान टिकलं, पण तो लिथियमचा क्षार महाग. दुसरा उपाय म्हणजे साध्या झिंक सल्फेटच्या पाण्यात इथिलीन ग्लायकॉलसारखं काहीतरी मिसळायचं, म्हणजे आयनाभोवतीचं पाणी थोडं बाजूला सरतं. मँगनीज सल्फेट घातलं तर पलीकडचं मँगनीज डायऑक्साइड कमी विरघळतं. मीठ किती, पाणी किती, सोबत काय, असा हा स्वयंपाकच आहे. फक्त चव घेता येत नाही, शेकडो वेळा चार्ज करून पाहावं लागतं.

याचा आपल्याशी संबंध काय? आपल्याकडे कितीतरी शेतकऱ्यांनी रात्रीच्या लाइनवर, साप-विंचवाच्या भीतीत पाणी दिलं आहे. सौरपंप आले, पण सूर्य मावळला की तेही थांबतात. दिवसाची वीज स्वस्तात साठवायची तर बॅटरी जड असली तरी चालेल, पेट घेणारी नको. लिथियम बॅटरीतलं द्रावण ज्वलनशील असतं, पाणी पेटत नाही. पण अकोल्याचा मे महिना आठवा, पारा ४५ अंशांवर! उष्णता वाढली की पाणी फुटण्याची आणि जस्त गंजण्याची क्रियाही वेगाने होते. प्रयोगशाळेच्या २५ अंशांत टिकलेलं द्रावण आपल्या उन्हाळ्यात टिकेल का, हे इथेच तपासावं लागेल.

पालकांना एक विनंती: मुलांना जुने सेल फोडू देऊ नका, साधे सेल चार्जरला लावू देऊ नका. आणि शिक्षकांनो, "काहून" असं विचारणाऱ्या पोराला गप्प बसवू नका. त्याला सांगा, बाप्पा, याचं पूर्ण उत्तर अजून कोणत्याच गाइडात छापलेलं नाही. आमच्या मुलांना वाटतं की विज्ञानातलं सगळं शोधून झालंय, आपल्याला फक्त पाठ करायचंय. तो समज मोडायला तीन ग्लास पाणी आणि दोन पट्ट्या पुरतात.