सर्वांत लहान प्रवाशाचं घड्याळ

मंडळी, आमच्या घरात सध्या एकच विषय आहे. येत्या मे महिन्यात आम्ही सहा जण सिंगापूरला जायचं म्हणतो आहोत. मुलगा, सूनबाई, सहा वर्षांची नात, साडेतीन वर्षांचा नातू आणि आम्ही दोघं. सहकुटुंब परदेशी जाण्याची आमची ही पहिलीच वेळ.

मुलाने चार दिवसांचा तक्ता करून आणला. एकूण सतरा ठिकाणं! एवढा खर्च करतो आहोत तर सगळं बघून घ्यावं, हे त्याचं म्हणणं. त्याचंही खरंच आहे, दोन वर्षं साठवलेले पैसे आहेत. पण तो तक्ता ऐकून आमची ही शांतपणे म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते." तिचे गुडघे दुखतात. त्यापुढे कुणी काही बोललं नाही.

मी चौतीस वर्षं शाळेत काढली. एसटीच्या लाल गाडीतून पन्नास-पन्नास मुलं घेऊन रायगडला, वेरूळला गेलो. सहलीचा वेग कोण ठरवतं? पुढे धावणारी मुलं नव्हेत, तर रांगेतलं सगळ्यांत शेवटचं मूल. म्हणून मी मुलाला म्हटलं, तक्ता बाजूला ठेव आणि आधी धाकट्याचं घड्याळ मांड.

मग कागद घेऊन बसलो. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. म्हणजे इथे सकाळी सातला उठणारा नातू तिथल्या साडेनवाला उठणार. आवरून, खाऊन बाहेर पडेपर्यंत अकरा! तेव्हा तक्त्यातलं सकाळी आठचं सगळं आपोआप गळालं. विषुववृत्त तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बाराही महिने उकाडा आणि पावसाची सर केव्हाही. म्हणून दुपार झोपेची. पण याच गणितातून एक फायदाही निघाला. रात्री उघडणारं नाइट सफारी हे प्राणिसंग्रहालय तिथे १९९४ पासून आहे. तिथले साडेसात म्हणजे नातवाच्या पोटातले पाच! तेव्हा तो अगदी ताजातवाना असणार. ते मात्र यादीत राहिलं.

कागदपत्रांचं काम सूनबाईने उचललं. तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो, आणि लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो. नातेवाईक मंडळींनी एक लक्षात ठेवावं. आपल्याकडे बारशाच्या आधीच जन्मदाखला निघतो आणि त्यावर नावाची जागा कोरी राहते. ती वेळीच भरून घ्या, आणि स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा आधी काढावा लागतो. शिवाय पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत एक अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, मुलांचंसुद्धा. त्याला पैसे पडत नाहीत.

जेवणाची चिंता आमच्या हिला. पण लिटल इंडिया भागात कोमल विलास हे शाकाहारी उपाहारगृह १९४७ पासून आहे, म्हणजे इडली-डोशाची सोय आहे. तरी मेतकूट-भाताची तयारी पिशवीत असणारच! विमान वर चढताना आणि खाली उतरताना मुलांचे कान दुखतात. तेव्हा घोट घोट पाणी पाजायचं, हेही वहीत लिहून ठेवलं आहे.

शेवटी सतरातली पाच ठिकाणं उरली. दिवसाला एक, आणि बॉटॅनिक गार्डन जास्तीचं. २०१५ साली ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आत जायला तिकीट नाही, मुलांना हवं तेवढं पळू द्यावं. मुलगा थोडा हिरमुसला. पण नवा कागद फ्रिजवर लावला तेव्हा आमच्या हिने चष्मा लावून तो दोनदा वाचला. "एवढं तर मलाही जमेल," म्हणाली. नातवाच्या झोपेसाठी आखलेला दिवस आजीच्या गुडघ्यांनाही मानवणारा निघाला.

शेजारचे गृहस्थ म्हणतात, "साडेतीन वर्षांच्या पोराला काय आठवणार? पैसे फुकट!" त्याला आठवणार नाही हे मलाही कबूल आहे. दोन वर्षांचा असताना आईने मला कडेवर घेऊन पंढरपूरला नेलं होतं. मला त्यातलं काहीही आठवत नाही. पण चंद्रभागेच्या वाळवंटात मी चिरमुरे मागून कसा गोंधळ घातला, हे आईने इतक्यांदा सांगितलं की आज ती आठवण माझीच झाली आहे. नातवाला ते सांगायला आम्ही किती वर्षं असू कोण जाणे. पण थोरली सहा वर्षांची आहे, तिला आठवेल. आजीसुद्धा सोबत होती, हे ती त्याला सांगेल.

पुढच्या आठवड्यात तिकिटं काढतो आहोत. सहा.