ऱ्हाइनकाठचे घड्याळ

स्वित्झर्लंडच्या सहलीवर गेलेल्या भारतीयांच्या बसगाड्या ऱ्हाइनच्या धबधब्यापाशी हमखास थांबतात. दीडशे मीटर रुंदीचा तो पांढराशुभ्र लोट पाहायचा, फोटो काढायचे आणि झुरिकच्या वाटेला लागायचे, असा शिरस्ता. तिथून जेमतेम तीन-चार किलोमीटरवरच्या शाफहाउझेन गावात मात्र फारसे कोणी शिरत नाही. जुन्या घड्याळांचा नाद असलेल्यांची मात्र ही पंढरी आहे.

१८६८ मध्ये फ्लोरेंटाइन अरिओस्टो जोन्स हा अमेरिकी घड्याळजी येथे आला. ऱ्हाइनच्या पाण्याच्या जोरावर यंत्रे चालवण्याची सोय गावात नुकतीच झाली होती. त्याने काढलेल्या इंटरनॅशनल वॉच कंपनीचा नदीकाठचा कारखाना आजही उभा आहे. त्यात संग्रहालयही आहे.

१ एप्रिल १९४४ रोजी वाट चुकलेल्या अमेरिकी विमानांनी या तटस्थ देशातल्या गावावर बॉम्ब टाकले. त्यांचे खरे लक्ष्य होते सुमारे दोनशे किलोमीटर दूरचे जर्मनीतील लुडविग्सहाफेन. शाफहाउझेनची ४० माणसे प्राणास मुकली. एक बॉम्ब या कारखान्याचे छप्पर फोडून आत पडला. सुदैवाने तो फुटला नाही.

त्याच कारखान्याने १९४८ पासून ब्रिटिश हवाई दलासाठी 'मार्क ११' हे घड्याळ बनवले. काम एकच, विमानाला वाट चुकू न देणे. ताऱ्यांवरून जागा ठरवताना घड्याळ चार सेकंद चुकले, तर विषुववृत्तावर जवळजवळ दोन किलोमीटरचा फरक पडतो. म्हणून चावी ओढताच सेकंदकाटा थांबतो आणि वेळ अचूक जुळवता येते. चुंबकाचा परिणाम होऊ नये म्हणून यंत्राभोवती मऊ लोखंडाचे कवच असते.

१९८१ पर्यंत सेवेत राहिलेली ही घड्याळे आता लिलावांत किंवा निवृत्त वैमानिकांच्या घरच्या कपाटांत सापडतात. जाणकार आधी पाठ पाहतो. तिथे बाणाची सरकारी खूण आणि '६बी/३४६' हा क्रमांक हवा. मग आतले लोखंडी झाकण जागेवर आहे का, हे तपासायचे. यंत्राचा क्रमांक कारखान्याला कळवला, तर जुन्या वह्यांतून घड्याळाचा जन्म शोधता येतो. १८८५ पासूनच्या नोंदी तिथे जपल्या आहेत.

दुरुस्तीत कुशल कारागीर यंत्र सुटे करून धुतो, नवे तेल देतो, थकलेली कमान बदलतो. मात्र पाठीवरचे ओरखडे घासून काढत नाही. त्यात कोरलेले क्रमांकही झिजतात. तबकडीलाही नवा रंग देत नाही. वर्तुळातला 'टी' दिसला, तर तबकडी नकली समजून फेकू नये. १९६० च्या दशकात हवाई दलानेच रेडियमच्या कित्येक तबकड्या काढून ट्रिटियमच्या बसवल्या होत्या. रेडियमची तबकडी मात्र घरी उघडू नये. तिची चमक विझली, तरी किरणोत्सर्ग निम्मा व्हायला सोळाशे वर्षे लागतात आणि तिची धूळ श्वासात जाणे घातक असते.

दुरुस्त झालेले घड्याळ त्यामुळे नवे दिसत नाही. काच स्वच्छ, टिकटिक खणखणीत, पण अंगावरचे व्रण जसेच्या तसे. ज्या गावाने एका चुकलेल्या वाटेची किंमत मोजली, त्या गावचे हे घड्याळ पुन्हा वेळ अचूक दाखवू लागते, एवढेच कारागिराला पुरे असते.