भिंतीतला प्लग आणि तुझी बोटं

चि. भाचीबाईस,


विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी तू गिटारचा पेडलबोर्ड जमवते आहेस, हे ऐकून फार आनंद झाला. पण ‘पैठण गेटच्या बाजारातून नऊ व्होल्टचा कुठलाही अडॅप्टर उचलते’ हे तुझं वाक्य मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमार्गे ग्राउंडला जोडलेल्या असतात. ते ग्राउंड केबलच्या जाळीतून पेडलला जातं आणि पेडलमधून थेट अडॅप्टरच्या एका टोकाला. म्हणजे भिंतीतले २३० व्होल्ट आणि तुझी बोटं यांच्या आड उभं असतं ते त्या अडॅप्टरच्या डबीतलं इन्सुलेशन. बिननावाच्या डबीत ते नीट असेलच, याची खात्री कोण देणार? डबीवर भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल, तर ती घेऊच नकोस.

अँप गुणगुणायला लागला की कुणीतरी त्याच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन काढायला सांगतं. अजिबात ऐकू नकोस. गुणगुण थांबते, पण बिघाड झाला तर वीज जमिनीत जायची वाटच बंद होते. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या तर वाजवणं थांबव आणि भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं अर्थिंग तपासून घे. मंडपात जनरेटर असेल तर कार्यक्रमाआधीच.

आता अडॅप्टरची पेडलमध्ये जाणारी पिन. राउटरचा किंवा सीसीटीव्हीचा अडॅप्टर पेडलमध्ये चपखल बसतो आणि तिथेच घात होतो. तो बहुधा १२ व्होल्टचा, आतलं टोक धन. बॉस कंपनीच्या पेडलांनी रूढ केलेली पद्धत उलटी: ९ व्होल्ट डीसी, आतलं टोक ऋण. अडॅप्टर आणि पेडल दोन्हींवर छापलेली गोलाची खूण जुळवून बघ. मधल्या ठिपक्याला वजाचं चिन्ह जोडलेलं हवं. सगळ्याच पेडलांत उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड नसतो.

अडॅप्टरचे मिलिअँपियर जास्त असले तर घाबरू नकोस, पेडल हवा तेवढाच करंट ओढतं. कमी पडले तर मात्र अडॅप्टर तापतो. साध्या ओव्हरड्राइव्हचं १०-२०मध्ये भागतं, डिजिटल डिलेला कधी ३००ही लागतात. सगळ्यांची बेरीज करून वर थोडे राखून ठेव.

विकत घेण्याआधी लेबलचा फोटो मला पाठव. पैसे मी देतो.

तुझा,
मामा