गोठलेली वाक्ये

राज्य शासनाच्या कोषालयात मी तेहतीस वर्षे एकाच तारखेच्या धाकात काढली : ३१ मार्च. त्या दिवसापर्यंत खर्ची न पडलेले अनुदान व्यपगत होई. पण त्याआधीही अनेक तारखा असत : देयके कधीपर्यंत यावीत, आक्षेपांची पूर्तता कधीपर्यंत व्हावी. जुन्यांना त्या मुखोद्गत असत. नवा कारकून मात्र चुकला की मगच शिके. शेवटी मी एक पाटी लिहून दारापाशी लावली. त्यानंतर मार्चमधील आरडाओरड पुष्कळ कमी झाली.

ती पाटी निवृत्तीनंतर आठवण्याचे कारण वेगळेच घडले. ज्यांची मूळ संहिता कोणालाही पाहता व सुधारता येते, अशा मुक्त संगणक-आज्ञावलींच्या मराठीकरणात मला पुतण्याने ओढले. ‘काका, तिथे मराठी जाणणारी माणसं हवी आहेत आणि तुमच्यापाशी वेळ आहे,’ एवढेच तो म्हणाला. होळकरशाहीत माळव्यात आलेल्या आमच्या घराण्याने जपलेली भाषा संगणकाच्या पडद्यावर दिसावी, या ओढीने मी कामाला लागलो.

त्या प्रकल्पाच्या वेळापत्रकात एका तारखेपुढे केवळ ‘स्ट्रिंग फ्रीझ’ एवढेच लिहिले होते. स्ट्रिंग म्हणजे पडद्यावर दिसणारी वाक्ये. ती गोठणार, म्हणजे आपले दार बंद होणार, असे मी समजलो. जागरणे करून जमेल तेवढे भाषांतर केले आणि त्या तारखेला हात आखडता घेतला. वस्तुतः त्या दिवशी मूळ इंग्रजी वाक्ये बदलणे थांबते आणि भाषांतरकारांना निश्चिंतपणे काम करण्याचा अवधी तिथून सुरू होतो! मी तो सारा अवधी रिकामा घालवला. आधी घाईने केलेली काही वाक्येही मूळ मजकूर बदलल्याने वाया गेली. आवृत्ती आली ती अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी. आमच्या नातवंडांच्या बोलण्यासारखी. मी काही दिवस त्या कामाकडे फिरकलोच नाही.

पुढे इतरांची वेळापत्रके पाहिली. उबुंटू ही प्रणाली २००४ पासून साधारणपणे दर सहा महिन्यांनी, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये येते. तिच्या क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो : २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. २००६ मध्ये एप्रिलची आवृत्ती जूनवर गेली, तेव्हा क्रमांकही ६.०६ झाला. लिब्रेऑफिसनेही २०२४ पासून, २४.२ या आवृत्तीपासून, हीच रीत स्वीकारली. एवढ्यावरून आवृत्ती केव्हाची ते नवख्यालाही कळते. परंतु त्याआधीचे टप्पे, म्हणजे नव्या सुविधा घेणे केव्हा थांबते, पडद्याची मांडणी केव्हा पक्की होते, मजकूर केव्हा गोठतो, हे निरनिराळे असतात आणि प्रत्येक टप्प्याला वेगळ्या माणसाचे काम अडते किंवा सुरू होते. नुसती तारीख त्याला पुरत नाही.

म्हणून मी कोषालयातल्यासारखीच एक पाटी त्या प्रकल्पासाठी लिहिली. प्रत्येक तारखेपुढे तीन उत्तरे : आज काय बंद होते, काय अजून खुले आहे आणि उशिरा आलेल्या कामाचे काय होते. तिसरे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपले काम फुकट न जाता पुढच्या आवृत्तीत येईल, एवढे कळले तरी माणूस टिकतो. वेळही भारतीय घड्याळाप्रमाणे दिली, कारण जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. मंडळींनी थोडी दुरुस्ती करून ती पाटी ठेवून घेतली.

मागच्या खेपेस एका नव्या मुलीने विचारले, ‘वाक्ये गोठली, आता मी थांबू का?’ मी तिला कळवले, ‘नाही, आता सुरुवात करा.’